देवातली डिस्क

"काकू, ती देवातली डिस्क हवी होती," रेश्मा दारातूनच म्हणाली. मग तिची नजर सोप्याच्या कोपऱ्यात पिठावर ठेवलेल्या दिव्याकडे गेली आणि ती चप्पल काढता काढता थांबली. "येऊ ना आत?"

"ये की," मी म्हटलं.

हे जाऊन पाचवा दिवस होता. हे म्हणजे माझे यजमान. मिरजेत मार्केटच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर यांचं लहानसं ऑफिस होतं. दुकानांच्या, शाळांच्या, पतसंस्थांच्या वेबसाइट तयार करून द्यायच्या आणि पुढे त्या चालू ठेवायच्या, हा यांचा व्यवसाय. रेश्मा मुजावर त्यांच्याकडे कॉलेज संपल्यापासून कामाला. आता तिचीच मुलं शाळेत जायला लागली होती. शुक्रवारी दुपारी जेवायला घरी यायचं म्हणून हे निघाले, जिन्यात क्षणभर टेकले, ते परत उठले नाहीत. शेवटचं पाणी रेश्मानंच पाजलं.

मी तिला बस म्हटलं. चहा विचारला नाही, सुतकाच्या घरात विचारायचा नसतो. माझ्या थोरल्या जाऊबाई साताऱ्याहून आल्या होत्या, सगळं घर त्यांना माई म्हणतं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी रेश्माकडे बघितलं आणि मान हलवली.

"काल संध्याकाळपासून सगळ्या साइट्स बंद आहेत काकू," रेश्मा म्हणाली. "एक उघडत नाही. आपण ज्या कंपनीकडे जागा भाड्यानं घेतलीय ना, त्यांचं मशीनच बसलं. म्हणतात, सगळा डेटा गेला."

"त्यांच्याकडे प्रत असेल की."

"होती. त्याच मशीनवर." ती कपाळाला हात लावून म्हणाली, "दुसरी किल्ली घरात ठेवून दाराला कुलूप घातल्यासारखं केलं त्यांनी. आता आपल्याकडची प्रत, तेवढाच आधार. ते काम सर कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मला एवढंच माहीत, की ती डिस्क घरी असते. देवात."

"देवात?" माई म्हणाल्या.

होय, देवात. फार वर्षांपूर्वी एकदा यांची डिस्क घरात हरवली होती. ती काळी, हातात मावणारी डबी आम्ही दोघांनी कपाटं उपसून शोधली आणि ती सापडली गाद्यांच्या ढिगात. तेव्हा हे मला म्हणाले, "या घरात रोज न चुकता जागच्या जागी असतं, ते फक्त तुझं देवघर. तिथं ठेवशील?" मला आधी कसंसंच झालं. मग मी एका जुन्या लाल रेशमी खणात ती गुंडाळली आणि गणपतीच्या मागे, खालच्या पायरीवर ठेवली.

यांचा देवावर विश्वास नव्हता. लग्न होऊन आले तेव्हा मी एकदाच म्हटलं होतं, पूजा झाली की निदान तीर्थाला तरी या. हे हसले. "देवाशी माझं भांडण नाही गं. ओळख नाही, एवढंच." परत मी कधी विषय काढला नाही. ओढून आणलेली भक्ती देवालाही नको असते.

पण डिस्क देवात गेली आणि रोजचा एक क्रम पडला. माझी पूजा संपत आली की हे आंघोळ करून देवघराच्या उंबऱ्याशी यायचे. "काय, आमचा बॅकअप मोकळा आहे का?" असं विचारून हात पुढे करायचे. माझ्या हातात त्या वेळी पळी असायची आणि समोर हात, तेव्हा तीर्थ आधी पडायचं. हे मुकाट्यानं घ्यायचे. ओला हात सुरुवातीला लुंगीला पुसायचे; पुढे डोक्यावरून फिरवायला लागले. कधीपासून, ते मला सांगता येणार नाही. मग मी खणासकट डिस्क द्यायची. ती घेऊन हे पुढच्या खोलीत टेबलाशी जायचे, प्रत काढायचे, आणि भाताची वाफ जिरेपर्यंत परत आणून द्यायचे. डिस्क जागेवर गेली की मी नैवेद्य दाखवायची. त्याआधी नाही. हा माझा मीच घातलेला नियम होता.

रेश्मा म्हणाली, "काकू, चालत असेल तर मी काढून घेऊ का? मला काही तुमचं सुतक नाही."

माई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

मी म्हटलं, "तुझ्या हातचं त्यांना शेवटचं पाणी चाललं, तिथं हे काय! पण सुतकात इंदूताई रोज येऊन आमच्या देवांची पूजा करतायत. त्यांच्या मागे मांडणी हलवायला नको. बोलावते त्यांना."

इंदूताई लाटकर म्हणजे आमच्या भिंतीपलीकडच्या शेजारीण. हाक मारल्याबरोबर आल्या. मी सांगितलं, गणपतीच्या मागे लाल खणात एक वस्तू आहे, तेवढी द्या.

"ते होय!" इंदूताई म्हणाल्या, "थांब हं, आत्ताच पूजा आटोपली, अजून गंध ओलं असेल."

रेश्मानं माझ्याकडे बघितलं.

इंदूताई बाहेर आल्या त्या दोन्ही ओंजळीत खण धरून. खण सोडला. डिस्कवर मधोमध गंधाचं बोट उठलं होतं, त्यावर अक्षता आणि तुळशीचं एक पान.

"इंदूताई," रेश्मानं हळूच विचारलं, "तुम्ही हिला धुतलीत?"

"धुतली कसलं बाई, स्नान घातलं. रोज घालते, इतर देवांना घालते तसंच." इंदूताईंना आमचे चेहरे बघून काहीतरी चुकलं असं वाटलं असावं, त्या भराभर बोलायला लागल्या. "मला वाटलं, तुमचा काही कुळाचार असेल. डबीत टाक असतील, नाहीतर शाळिग्राम. रेशमात गुंडाळून देवात ठेवलंय, म्हणजे ठेवणाऱ्यानं काही उगाच ठेवलं नसेल! मी विचारणार होते, पण तुमच्या घरात हे असं... म्हटलं, राहू नये काही. काल सोमवार, काल तर दूधही घातलं. पण पुसून ठेवत होते हो! अगदी कोरडी करून!"

रेश्मानं डिस्क हातात घेऊन तिरकी केली. जिथे वायर लावायची खाच असते, तिथून एक पांढरट थेंब निघाला आणि फरशीवर पडला.

"हिला पाणी चालत नाही हो इंदूताई," ती म्हणाली. ओरडली नाही.

माईंना हसू आलं आणि ते त्यांनी पदरात लपवलं. मग लगेच त्यांच्या डोळ्यांत पाणीही आलं. या पाच दिवसांत त्यांचं असंच चालू होतं. माझं काहीच होत नव्हतं. रोज पहाटे नेहमीच्या वेळी मला जाग यायची. पूजा नाही, पोथी नाही, हात रिकामे घेऊन मी अंथरुणावर बसून राहायची. लोक यायचे, माझ्याकडे बघून रडायचे, मी त्यांना पाणी द्यायची. माईंनी दोनदा सांगितलं होतं, "रडून घे कुमुद. आत राहिलं की दगड होतो." मी बरं म्हटलं होतं.

त्या थेंबाकडेही मी नुसती बघत होते. इंदूताईंनी तो बोटानं टिपला आणि चुकून डोळ्यांना लावला.

डिस्क तशी लावून बघायची नाही, आतून वाळायला हवी, असं रेश्माचं म्हणणं पडलं. कोल्हापुरात बिघडलेल्या डिस्क उघडून देणारा एक माणूस होता, ती त्याच्याकडे जायला निघाली. जाण्यापूर्वी तिनं पुढच्या खोलीतला यांचा कॉम्प्युटर लावून बघितला, त्यात काही सापडतं का म्हणून. तो जुना कॉम्प्युटर सुरू होताना देवळातल्या लहान घंटेसारखा एकदा टणत्कार करायचा. तो आवाज ऐकून मी दचकले. वाटलं, किती दिवसांनी वाजला हा.

कॉम्प्युटरमध्ये काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी किणीकर आले. ते आमच्या समाजाच्या वधूवर मंडळाचे अध्यक्ष. मंडळाची साइट यांनीच करून दिलेली. गावोगावच्या मुलामुलींची माहिती, फोटो, पत्रिका, सगळं त्यात. रविवारी सांगलीला मोठा मेळावा होता. किणीकर चटईवर मांडी घालून बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"फार वाईट झालं. पोतनीस म्हणजे काय माणूस हो! शब्द म्हणजे शब्द." त्यांनी टोपी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. "आता अशा वेळी विषय काढू नये..."

"मग नका काढू," माई म्हणाल्या.

"नाही काढला असता वहिनी. पण रविवारी हॉलमध्ये पडद्यावर काय दाखवू? माझा चेहरा? लोकांनी विश्वासानं लेकींच्या पत्रिका दिल्यात. कुणाचा मूळ कागद आता घरात नाही, कुणी परदेशातून भरलंय. मंडळानं कागद ठेवले असते, पण पोतनीसच म्हणाले होते, ठेवू नका, वाळवी लागते, माझ्याकडे रोज प्रत असते. आता मला सभेत उठून सांगावं लागेल, की पोतनीसांनी प्रत ठेवलीच नव्हती. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलायला मला बरं वाटेल का?"

"ठेवली होती," मी म्हटलं.

माझा आवाज तसा लहान. किणीकरांनी कान पुढे केला.

"प्रत ठेवली होती. रोज ठेवायचे. एक दिवस चुकलेला नाही, माझ्या डोळ्यांसमोर व्हायचं ते. डिस्क ओली झालीय, ती आमच्या घरी झाली. त्यात यांचा दोष नाही. तेवढं सभेत सांगा."

किणीकरांनी टोपी घातली. "रविवारपर्यंत वाट बघतो," म्हणाले.

गुरुवारी दुपारी रेश्माचा फोन आला.

"काकू, डिस्क उघडली. थोडा वेळ फिरली, मग बंद पडली ती पडलीच. पण आत काय आहे, ते दिसलं." पलीकडे बसस्टँडावरचा आवाज येत होता. "काकू, तुम्ही म्हणालात सर रोज घ्यायचे?"

"हो."

"रोज?"

"अगं हो. का?"

"त्याच्यावरची शेवटची प्रत सहा वर्षांपूर्वीची आहे. त्यानंतर त्यांनी त्यावर काहीच चढवलेलं नाही. वधूवर मंडळाची साइट तर तेव्हा झालीसुद्धा नव्हती."

मी फोन ठेवला आणि कणीक मळायला बसले. माईंनी विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, डिस्क गेली. एवढं खरं होतं.

कणीक फार वेळ मळली. सहा वर्षं. रोज सकाळी उंबऱ्याशी येऊन, देवांसमोर हात पुढे करून हे मला खोटं सांगत होते. ज्या माणसानं कधी दुकानदाराच्या तोंडावर खोटं सांगितलं नाही, तो. आणि मी त्यांच्या त्या खोट्यासाठी रोज नैवेद्य थांबवून बसत होते. किणीकर म्हणाले तेच खरं निघालं, आणि मी मात्र त्यांना, सुतकात, तोंड वर करून सांगितलं होतं, की एक दिवस चुकलेला नाही. असं सगळं माझ्या मनात आलं खरं, पण दुसऱ्याच्या घरातलं भांडण भिंतीपलीकडून ऐकावं तसं. राग येईना. रडू तर येतच नव्हतं. पोळ्या मात्र चांगल्या झाल्या त्या दिवशी. माईंचा मुलगा, जो यांचं दिवसकार्य करत होता, तो म्हणालाही तसं.

शुक्रवारी सकाळी रेश्मा परत आली. या वेळी ती दारात थांबली नाही. लॅपटॉप छातीशी धरून सरळ आत आली आणि माझ्यापुढे चटईवर बसली.

"आहे काकू! सगळं आहे!"

"काय?"

"मी रात्रभर विचार केला. म्हटलं, सर सहा वर्षं प्रतीशिवाय राहतील? आपले सर? शक्य नाही. म्हणजे दुसरीकडे कुठंतरी असणार. ऑफिसच्या मेलमध्ये शोधायला बसले. तर एक वेगळाच कप्पा, त्यात हे मेल. बघा." तिनं लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. खालपर्यंत एकसारख्या ओळी होत्या. "सरांनी दुसऱ्या एका कंपनीकडे लांब कुठंतरी जागा घेऊन ठेवली होती. सगळ्या साइट्सची प्रत रोज पहाटे आपोआप तिकडे जायची. झालं, की मेल. सगळ्यात पहिला मेल सहा वर्षांपूर्वीचा. तेव्हापासून एक पहाट चुकलेली नाही."

"आपोआप," मी म्हटलं.

"कुणी काही करायलाच नको. तुम्ही उठायच्या आधी व्हायचं सगळं. आणि हे बघा, सर गेले शुक्रवारी. शनिवारचा मेल आहे, रविवारचा आहे. साइट्स बंद पडल्या त्या सोमवार पहाटेचासुद्धा आहे!"

माई पुढे झुकून बघत होत्या. "म्हणजे याचं सुतकातही चालूच होतं की!"

मग रेश्मा दोन दिवस ऑफिसातच बसून होती. नवी जागा घेतली, एकेक साइट तिथे चढवली, मंडळाची सगळ्यात आधी. रविवारी सांगलीच्या हॉलमध्ये पडद्यावर मुली-मुलांचे फोटो आले. किणीकरांचा फोन आला, तो माईंनी घेतला. "सभेत पोतनीसांचं नाव घेतलं, दोन मिनिटं सगळे उभे राहिले," म्हणाले. माईंनी मला सांगितलं. मी बरं म्हटलं. यांचा शब्द राहिला, माझाही राहिला. हलकं वाटायला हवं होतं. मी आतल्या खोलीत जाऊन तांदूळ निवडत बसले.

तेरावं झालं. गोडाचं जेवण झालं, पाहुणे पांगले, माई साताऱ्याला गेल्या. संध्याकाळी रेश्मा आली, तिच्या हातात तोच लाल खण होता, धुऊन इस्त्री केलेला.

"डिस्क परत दिली त्या माणसानं. आता ही कशाच्याच कामाची नाही काकू. टाकून देऊ?"

"दे इकडे," मी म्हटलं. "आणि बस. आता चहा घ्यायला हरकत नाही."

ती स्वयंपाकघरातच पाटावर बसली. चहा फुंकून प्यायली. मग म्हणाली, "एक विचारू का? सरांचं सगळं आपोआप होत होतं. मग ही रोज काढून कशाला घ्यायचे?"

"साखर बरोबर आहे ना गं?" मी विचारलं.

"आहे," ती म्हणाली. पुन्हा विचारलं नाही तिनं. शहाणी मुलगी आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ करून सोवळं नेसले आणि देवघरात बसले. इंदूताईंनी सगळं जिथल्या तिथं ठेवलं होतं; गणपती तेवढा जरा कलला होता, तो सरळ केला. देवांना स्नान घातलं, गंध लावलं, फुलं वाहिली. तोंडानं स्तोत्र चालू होतं, एक अक्षर अडलं नाही. घंटा वाजवली. तीर्थाची पळी भरून मी उंबऱ्याकडे वळले.

हात तसाच थोडा वेळ धरून ठेवला. मग पळी परत पंचपात्रात रिकामी केली.

गणपतीच्या मागे खणात डिस्क होती, आदल्या संध्याकाळी मीच ठेवलेली. ती घेतली, पुढच्या खोलीत गेले आणि यांच्या टेबलावर ठेवली. परत स्वयंपाकघरात येऊन भाताखालचा गॅस बंद केला, नैवेद्याचं ताट वाढून झाकून ठेवलं आणि पाटावर बसले.

घरात आवाज नव्हता. मी कान देऊन ऐकत होते, कशासाठी ते मलाही कळत नव्हतं. मग कळलं. त्या कॉम्प्युटरची घंटा. रेश्मानं तो लावला तेव्हा मी दचकले होते आणि मला वाटलं होतं, किती दिवसांनी वाजला. दिवस नव्हेत. सकाळच्या वेळी ती घंटा मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. रोज याच पाटावर बसून मी ऐकत आले होते ते पेपरची पानं उलटल्याचा आवाज, यांचं खोकणं, खुर्ची सरकल्याचा आवाज. आणि मग पावलं, उंबऱ्यापर्यंत. "घे गं. झालं माझं."

भाताची वाफ जिरली. आता डिस्क आणायची आणि नैवेद्य दाखवायचा. मी उठले, पुढच्या खोलीत गेले, खण हातात घेतला. त्यांची खुर्ची टेबलापासून जराशी मागे होती, माणूस आत्ता उठून गेल्यासारखी.

चौदा दिवसांत आलं नव्हतं ते तेव्हा आलं. पण त्याआधी मी डिस्क टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवली. तिला पाणी चालत नाही.